लेबल नसलेला रोल

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू काय समजलीस ते मला ठाऊक आहे. खिशात फोन असताना हा मनुष्य पत्र लिहितोय म्हणजे एकतर नोकरी सोडली, नाहीतर हातपाय मोडून घेतले. दोन्ही नाही. नोकरी आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी आहे, आणि हातपाय शाबूत आहेत. पण फोनवर मी भरकटतो हे तुला ठाऊक आहे. मी मुद्द्याच्या जवळ येईपर्यंत तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं, तू 'नंतर बोलू' म्हणतेस, आणि मला सुटल्यासारखं होतं. कागदाला दार नाही. दुपारची सुट्टी आहे आणि मी गाडीतून काढून ठेवलेल्या एका सीटवर बसलोय. बाकीच्या तीन भिंतीला टेकून उभ्या आहेत, लग्न उरकलं तरी जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

परवा तू सांगितलंस ते मी मनात किती वेळा फिरवलं असेल. दुपारी दोनला छकुलीला बालवाडीतून आणायला गाडी उघडतेस, आणि पहिल्या चौकापर्यंत तुझं डोकं ठणकायला लागतं. घरी पोचेपर्यंत ती एकदा तरी ओकते. दोन महिने झाले. डॉक्टरांनी तुझे डोळे पाहिले, तिचं पोट दाबून पाहिलं, काही नाही. दोन मेकॅनिकनी पेट्रोलची नळी तपासली, काही नाही. मग सासूबाई एका संध्याकाळी मुद्दाम गाडीत बसून चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "मी बसले की चांगली अर्धा तास. मला नाही काही झालं. जायचा कंटाळा असेल तर माणसानं तोंडानं सांगावं, पोरीला कशाला आजारी पाडायचं." हे सांगताना तू हसलीस. पुढे म्हणालीस की जेवताना भावोजींनी ताटातून मान वर न करता विचारलं, "खरंच दुखतं ना गं तुझं?" हे सांगताना तू हसली नाहीस. तेवढ्यात तुझं दार वाजलं.

मी फोन ठेवला आणि संशय घ्यायला बसलो. पहिला संशय आरशाला टांगलेल्या त्या लिंबाच्या वासाच्या डबीवर, म्हणून तुला ती फेकायला लावली. तू फेकलीस, फरक शून्य. दुसरा भावोजींवर. हा माणूस रोज सकाळी भाजी आणायला म्हणून गाडी काढतो आणि चाळीस मिनिटांनी येतो, भाजी काय पेरून, उगवून आणतो? नक्की गाडीत बसून सिगारेट ओढत असणार आणि तो धूर सीटमध्ये मुरत असणार. तिसरा, रागावू नकोस, सासूबाईंवर. मला वाटलं त्या कपाटातल्या डांबरगोळ्या सीटखाली ठेवत असतील, तू गाडी चालवणं सोडावंस म्हणून. असल्या गोष्टी रचायला मला वेळ लागत नाही, शाळेतही गणित सोडून सगळं रचता यायचं. आणि चौथा संशय तुझ्यावर. अर्धा मिनिट, जास्त नाही. पण घेतला. मला वाटलं, रोज दुपारी त्या उन्हात जायचा येत असेल कंटाळा, आपली ताईसुद्धा माणूसच आहे. म्हणजे त्या जेवणाच्या टेबलाशी मीसुद्धा एक खुर्ची ओढून बसलोच.

संशय घेणं हे इथलं कामच आहे म्हण. थंडीत तू चार दिवस आली होतीस तेव्हा तू पाहिलंस आम्ही काय करतो. गाडीच्या सीटा काढायच्या, गालिचा काढायचा, छताचं कापड उतरवायचं, दारांची आतली झाकणं उचकटायची, की खाली नुसता पत्रा उरतो. भारीतली भारी गाडी आतून डब्यासारखी असते. मग तो पत्रा पुसून कोरडा करायचा आणि त्यावर काळ्या चिकट रबराची, वरून चंदेरी कागद असलेली शीट लावायची, छोट्या रोलरने दाबत दाबत, खाली हवेचा फुगा राहता कामा नये. वर फोमचा थर. पत्रा थरथरायचा थांबला की आवाज मरतो, आणि फोममुळे ऊन आत येत नाही. एक गिऱ्हाईक महिन्याभराने परत आलं होतं. म्हणे, "पूर्वी रस्त्याचा आवाज यायचा, आता सासऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं, थोडं काढून देता येईल का?" काम झालं की एकाने चालवायची आणि एकाने मागे आडवं पडून ऐकायचं, कुठे किरकिर राहिलीय का. त्या वेळी प्रत्येक स्क्रूवर संशय घ्यावा लागतो. मी अकरा महिने हेच करतोय, आणि अकरा महिने मी एका जागी टिकलो हा माझा विक्रम आहे. फरशा बसवण्यात सात महिने झाले होते, तंबूवाल्याकडे पाच, त्या बोटीवरच्या स्वयंपाकघराचं तर बोलूच नको.

पण खरे संशयी आमचे मालक. माल आला की ते शटर अर्धं ओढून घेतात आणि प्रत्येक रोलचं खोकं, वेष्टन, लेबल स्वतःच्या हाताने फाडून टाकतात. रोल साध्या तपकिरी कागदात गुंडाळून माळ्यावर चढवतात. का, तर समोरच्या गल्लीतल्या दुकानदाराला आपण माल कुठून आणतो ते कळू नये. फाडलेली लेबलं घरी नेऊन जाळतात असं वायरमन काका म्हणायचे. हे काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने. दारातले स्पीकर, दिव्यांच्या वायरी, जे काही आम्ही आडदांडपणे ओढून काढतो ते ते परत बिनचूक जोडतात. साठीचे असतील. मी इथे फार दिवस राहणार नाही याची त्यांना पहिल्या दिवसापासून खात्री, म्हणून रोज सकाळी विचारायचे, "काय पाहुणे, आज आहात का?" मी म्हणायचो, "आहे की." ते म्हणायचे, "मग चहात माझी साखर टाका." आणि चहाला लावायचे मलाच.

महिन्यापूर्वी मालकांनी दुकानाच्या गळक्या छतावर पट्ट्या मारायचं ठरवलं. छतासाठी डांबराचे तीन रोल त्यांनी गेल्या वर्षीच आणून ठेवले होते. तेही वरून चंदेरी, खालून काळे चिकट, आणि सवयीने त्यांचीही लेबलं फाडलेली. फक्त ते माळ्याच्या डाव्या अंगाला असतात आणि गाडीचे उजव्या, हे मालकांना ठाऊक. शिडी लावून ते वर चढले, खाली काकांनी शिडी धरली, मी खाली उभा राहून आकडे लिहीत होतो. छताचे रोल तीनाऐवजी दोन भरले. गाडीचे चौदा असायला हवे होते, ते पंधरा भरले. मालक म्हणाले, "पंधरा कसे? मागच्या वेळी मोजायला चुकलो असेन." पण छताचे दोन मोजताना मात्र ते चुकले नव्हते, ती चोरी होती. मला त्यात काहीच खटकलं नाही, ताई. कमी पडलं की सगळे शोधायला लागतात, जास्त निघालं की देवाची कृपा म्हणून पुढे जातात.

संध्याकाळी मालकांनी मला बाजूला घेतलं. "चोर बाहेरून येत नसतो रे. बाहेरच्याला आपला माळा कुठे आहे हेच ठाऊक नसतं. डोळे उघडे ठेव." मी उघडे ठेवले. माझे डोळे उघडे ठेवणं म्हणजे काय असतं हे तुला माहीत आहे, सातवीत असताना मी तुझ्या मैत्रिणीला पेन चोरताना 'पाहिलं' होतं आणि ते पेन तिच्याच वडिलांचं निघालं. मला दिसलं की वायरमन काका रोज खांद्याला मोठी पिशवी लावून येतात. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर जातात आणि कुठे ते सांगत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या घराचं छत गळतं, हे त्यांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं. मी हे सगळं एकात एक घालून मालकांना सांगितलं. कुणी मला मारून विचारलं नव्हतं. मला वाटलं, बघा, भटक्या पोरगा म्हणता, पण दुकानाची काळजी मलाच.

दुसऱ्या दिवसापासून काकांना जाताना शटरपाशी पिशवी उघडून दाखवावी लागायची. आम्हालाही दाखवा म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं, पण फक्त त्यांनाच.  ते पिशवी जमिनीवर ठेवायचे, चेन ओढायचे आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडायचे. डबा, पंचा, टेस्टर, चष्म्याचं घर, गुंडाळलेला पेपर. मालक म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे," आणि काका तरी सगळं काढूनच थांबायचे. मग तितक्याच सावकाश परत भरायचे. मी तिथेच झाडू घेऊन उभा असायचो. सकाळी त्यांनी मला 'पाहुणे' म्हणणं सोडलं. पहिल्यांदा मला बरं वाटलं, वाटलं, टरकला. तीन आठवडे हे चाललं. या सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारीही नाहीत. मालक म्हणाले, "खाई त्याला खवखवे," आणि मला सांगितलं, वायरी तपासायचं दुकानाचं मीटर त्यांच्याकडे आहे ते घेऊन ये, आणि येताना जमलं तर गच्चीवर एक नजर टाक.

म्हणजे तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काकांच्या घरी गेलो. तीन मजले, वर दोन खोल्या आणि बाजूने लोखंडी जिना गच्चीवर जातो. मी आधी दार वाजवायला हवं होतं. मी सरळ जिना चढलो. मनात सगळं तयार होतं, चंदेरी पट्ट्या उन्हात चमकत असतील, मी खाली येऊन फक्त मान डोलवेन, आणि काका समजून जातील. वर गेलो तर गच्चीवर निळं प्लास्टिक, जागोजाग विरलेलं, चार कोपऱ्यांवर विटा आणि मधे एक फुटकी कुंडी वजनाला. मी प्लास्टिक उचलून खालीही बघितलं, ताई. खाली भेगा आणि शेवाळ. सरळ झालो तर जिन्याच्या तोंडाशी काका उभे, हातात कुणाच्यातरी मिक्सरचं पोट उघडलेलं. म्हणाले, "झालं बघून? का विटांखालीही बघणार?"

मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी खाली नेलं, पाणी दिलं, मीटर दिलं. जेवणाच्या सुट्टीत ते कुठे जायचे तेही तिथे कळलं, शेजारपाजारच्यांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायला जायचे, पिशवीतला टेस्टर त्याचसाठी असायचा. मग स्क्रू घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. "मालक मोजत होते त्या दिवशी शिडी मी धरली होती. एक कमी निघाला आणि एक जास्त निघाला. कमीचा चोर तुम्ही दोघांनी शोधलात. जास्तीचा कुणी शोधला?" स्क्रू फिरवत त्यांनीच पुढे विचारलं, "थंडीत सुट्टीच्या दिवशी कुणी एकटंच काम केलं होतं?" मी म्हटलं, मी, पण मालकांना विचारून, मालकच म्हणाले होते माळ्यावरचा एक रोल घे, बहिणीची गाडी आहे, माझ्याकडून भेट समज. "घेतलास की. कुठल्या अंगाचा?" मी म्हटलं, मला अंगाबिंगाचं कुणी सांगितलं नव्हतं, सगळे तपकिरी कागदातच होते. "हाताला वास आला होता का?" आणि हे विचारून ते पुढे जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो. "ते उघड्या आभाळाखाली लावायचं असतं. वास वर निघून जातो. बंद जागेत लावून वर ऊन लागलं तर ते पाझरतं, आणि आत बसलेल्याचं डोकं धरतं."

मला त्यांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. मला त्या थंडीतलं, माझ्या स्वयंपाकघरात मागे उभं राहून केलेलं तुझं बोलणं ऐकू येत होतं. तुझी गाडी पुरी करून मी आलो, तीनदा हात धुतले आणि जेवायला बसलो, तर तू म्हणालीस, "अरे, तुझ्या हाताला नव्या रस्त्याचा वास येतोय." मी म्हटलं, पत्रा पुसायच्या औषधाचा असेल. तेव्हा थंडी होती, एक दिवसात वास गेलाही. पुढे ऊन चढलं. भावोजी गाडी नेतात सकाळी, गार असताना. सासूबाई बसल्या त्या संध्याकाळी, काचा खाली करून. चार तास उन्हात उभी राहिलेली गाडी दुपारी दोनला उघडणारी तू एकटीच आहेस, आणि आत बसणारी छकुली. चारही दारं, छत, पायाखालची जमीन, एक इंच सोडलेला नाही मी. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर कुठेतरी हात राखला असता, पण तुझी होती म्हणून डिकीच्या झाकणाला दोन थर दिले.

काकांना मी विचारलं, तुम्हाला हे लक्षात आलं होतं तर मालकांना बोलला का नाहीत. म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात पिशवी भरता भरता लक्षात आलं. "पण मला कुणी काही विचारलं कुठे? मला पिशवी उघडायला सांगितली, मी उघडली. तेव्हा बोललो असतो तर म्हणाले असते, म्हातारा स्वतःवरचं पोरावर ढकलतोय." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. म्हणाले, "माझं नंतर बघू. आधी तिकडे कळव, लहान पोर आहे ना त्या गाडीत." मी त्यांना उद्या सकाळी दुकानात यायला सांगितलंय. त्यांच्यासमोर मी मालकांना सगळं सांगणार आहे. रोल कुणी नेला, आणि त्यांची पिशवी कुणामुळे उघडली गेली. मालक मला ठेवतील असं वाटत नाही. खरं सांगू, काल संध्याकाळी मी माझी बॅग खाटेखालून ओढून काढली होती, बसचं वेळापत्रकही पाहिलं. असल्या वेळी मी काय करतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बॅग भरली, मग त्यातून फक्त दोन शर्ट आणि खरवडायच्या पट्ट्या ठेवून बाकीचं परत काढलं.

ते दोन शर्ट तुझ्याकडे यायला. मी शुक्रवारी सकाळी पोचतो. त्याआधी तुला आजच, दोन वाजायच्या आत, फोन करून एवढंच सांगणार आहे की गाडी उघडू नको, छकुलीला रिक्षाने आण. का ते विचारशील, तर कुरियरने पत्र येतंय म्हणेन. भावोजींना सांग, बर्फाच्या कारखान्यात दोन लाद्या सांगून ठेवा. ते डांबर गरम असताना खरवडलं तर पसरत जातं, बर्फ लावून गोठवलं की चिपा उडतात. दोन दिवस लागतील, गाडी आधीसारखी खडखडणारी होईल, पण तिच्यात श्वास घेता येईल.

आणि हे फोनवर न सांगता लिहून का काढलं, तर माफी मागायला नाही, ती मी समोर येऊन मागेन. फोनवर मी तुला सांगितलं असतं, तू सासूबाईंना सांगितलं असतंस, आणि त्या म्हणाल्या असत्या, भाऊ बहिणीचीच बाजू घेणार. काकांच्या पिशवीत तीन आठवडे चोरीचं काही निघालं नाही तरी कुणी त्यांचं खरं धरलं नाही, हे मी झाडू घेऊन पाहिलंय. नुसतं तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही, म्हणून कागदावर. शुक्रवारची वाट बघू नकोस. हे हातात पडेल त्याच दिवशी सगळे जेवायला बसले की हे पत्र मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून, मधलं काही न गाळता, आणि मग भावोजींच्या ताटाशेजारी ठेव. ते विचारतील तर त्यांना इथे बोट ठेवून दाखव: गाडी मी केली, रोल चुकीचा मी लावला, आणि माझ्या ताईचं डोकं दोन महिने रोज दुपारी दोनला खरंच दुखत होतं. खाली सही माझी आहे.

तुझाच,
भिंगरी